डॉक्टर बेल यांची तालीम

शेरलॉक होम्स हे नाव ठाऊक नाही, असे वाचत्या माणसांचे घर विरळाच. लंडनच्या बेकर स्ट्रीटवरील त्याच्या काल्पनिक पत्त्यावर लोकांनी खरीखुरी पत्रे धाडली. परंतु या मानसपुत्राचे मूळ शोधू गेल्यास लंडन सोडून एडिंबरोच्या इस्पितळात जावे लागते.

सर आर्थर कॉनन डॉईल यांचा जन्म २२ मे १८५९ रोजी त्याच शहरी झाला. वडील चित्रकार, पण मद्याच्या आहारी गेलेले. संसार ओढला तो आईने. गोष्ट सांगावी तर तिनेच. भयाचा प्रसंग आला की ती आवाज हळूहळू उतरवीत कुजबुजीवर आणी. रहस्यकथेचा पहिला धडा तो घरचाच.

दुसरा धडा दिला डॉ. जोसेफ बेल यांनी. १८७६ साली डॉईल वैद्यकी शिकू लागले आणि पुढे बेल यांनी बाह्यरुग्णांची नोंद ठेवण्यास त्यांस निवडले. रोगी समोर आला की तो तोंड उघडण्यापूर्वीच बेल त्याची हकीकत सांगू लागत. एका गृहस्थास त्यांनी सांगितले की, तुम्ही पलटणीतून नुकतेच सुटलेले हवालदार दर्जाचे स्कॉटिश शिपाई असून बार्बाडोस बेटावर होतात. विद्यार्थी थक्क! उलगडा मात्र साधा होता. माणूस अदबीने वागला, पण टोपी काढली नाही. ही लष्कराची सवय, नोकरी सुटून फार दिवस झाले असते तर ती गेली असती. बोलण्याचालण्यात थोडा अधिकार होता, आणि पायाचे हत्तीरोगाचे दुखणे वेस्ट इंडीजकडचे होते. दिसत सगळ्यांनाच होते; पाहिले एकट्या बेल यांनी. सूर कानावर पडणे आणि ऐकू येणे यांत जो फरक, तोच हा.

१८८२ मध्ये डॉईल यांनी पोर्टस्मथजवळ साउथसी येथे दवाखाना थाटला. रोगी थोडे, वेळ पुष्कळ. १८८६ साली त्यांनी होम्सची पहिली कादंबरी लिहिली. अनेकांनी ती परत केली. अखेर सर्व हक्कांसह अवघ्या २५ पौंडांना ती विकली गेली. पो यांचा दुपँ व गाबोरिओ यांचा लकॉक या पूर्वसूरींचे ऋण तीत उघड आहे, आणि होम्स त्याच दोघांची टवाळी करतो! दुसऱ्या घराण्याच्या ताना उचलून त्यालाच नावे ठेवणारे गवई आम्हांला नवे नाहीत. डॉईल स्वतः मात्र कृतज्ञ होते. १८९२ साली होम्सच्या कथांचा पहिला संग्रह त्यांनी बेल यांस अर्पण केला. बेल यांनी श्रेय शिष्याच्याच पदरात घातले.

डॉईल यांस मोठेपण हवे होते ते ऐतिहासिक कादंबऱ्यांचे. म्हणून १८९३ मध्ये त्यांनी होम्सला स्वित्झर्लंडमधील धबधब्यात लोटले. वाचक खवळले. १९०३ मध्ये त्याला जिवंत करणे भाग पडले, आणि १९२७ पर्यंत तो सुटला नाही.

ही तालीम कागदावरच राहिली असती, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मूळचे मुंबईचे पारशी असलेले शापुरजी एदलजी इंग्लंडात ग्रेट वायर्ली गावी पाद्री होते. त्यांचा वकील मुलगा जॉर्ज याला रात्री शेतात जाऊन जनावरे फाडल्याच्या आरोपावरून १९०३ साली सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी सुटला, पण कलंक कायम. १९०७ च्या जानेवारीत तो लंडनच्या एका हॉटेलात डॉईल यांची वाट पाहत वर्तमानपत्र वाचीत बसला होता. डॉईल यांनी दारातूनच पाहिले: कागद डोळ्यांना जवळजवळ टेकलेला, तोही तिरपा. एवढ्या अधू दृष्टीचा माणूस काळोखात रानातून जाऊन हे कृत्य कसे करील? नेत्रवैद्यकाचा त्यांचा अभ्यास येथे कामी आला. त्यांनी लेखांवर लेख लिहिले. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली, भरपाई मात्र दिली नाही. फौजदारी अपिलांचे न्यायालयही त्याच वर्षी स्थापन झाले. त्यामागील कारणांत हा खटला होता.

सप्टेंबरात डॉईल यांचा दुसरा विवाह झाला. निमंत्रितांत जॉर्ज एदलजी होता.