आधी कोणाला तपासायचे?

एखादी ट्रॅव्हल्स उलटते आणि देऊळगाव राजासारख्या गावातल्या रुग्णालयात एकदम पंधरा जखमी येतात. डॉक्टर एक, सिस्टर दोन. आधी कोणाला पाहायचे? याचा नियम दोनशे वर्षांपूर्वी डॉमिनिक लारे या फ्रेंच शल्यचिकित्सकाने घालून दिला.

लारे यांचा जन्म १७६६ मध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका खेड्यात झाला. वडील लवकर वारले. तुलूझ येथे शल्यचिकित्सक असलेल्या काकांनी त्यांना शिकवले. १७९२ मध्ये ते ऱ्हाईन आघाडीवर दाखल झाले. त्या काळी जखमींच्या गाड्या सैन्याच्या काही किलोमीटर मागे थांबत. लढाई संपल्यावरच जखमींना उचलले जाई. तोवर अनेक जण रक्तस्रावाने दगावत. लारे यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्या तयार करवून घेतल्या आणि लढाई सुरू असतानाच जखमींना हलवायला सुरुवात केली.

मग दुसरा प्रश्न उभा राहिला. शेकडो जखमी, पण हात मोजकेच. लारे यांनी ठरवले की, ज्याच्या जिवाला सर्वांत जास्त धोका, त्याचा नंबर पहिला. हुद्दा पाहायचा नाही. किरकोळ जखम असलेल्याने थांबायचे, मग तो मोठा अधिकारी का असेना. शत्रूच्या सैनिकांवरही त्यांनी उपचार केले. १८१२ मध्ये बोरोदिनोच्या लढाईत त्यांनी एका दिवसात सुमारे २०० अवयवच्छेदनाच्या शस्त्रक्रिया केल्या.

१८१५ मध्ये वॉटर्लूला ते प्रशियन सैन्याच्या हाती सापडले. त्यांना गोळ्या घालण्याची तयारी झाली होती, तेवढ्यात एका प्रशियन डॉक्टरने त्यांना ओळखले. प्रशियाचे सेनापती ब्ल्यूखर यांच्या मुलावर लारे यांनी पूर्वी उपचार केले होते. त्यामुळे त्यांची सुटका झाली. नेपोलियनने मृत्युपत्रात त्यांच्यासाठी एक लाख फ्रँक ठेवले. १८४२ मध्ये लारे यांचे निधन झाले.

त्यांच्या नियमाला पुढे ‘ट्रायज’ हे नाव मिळाले. आज रुग्णालयात श्वास, रक्तस्राव, नाडी आणि शुद्ध हे काही क्षणांत पाहून लाल, पिवळा, हिरवा असे गट करतात. मृत किंवा वाचण्याची आशा नसलेल्यांसाठी काळा. ठरावीक वेळाने तपासणी पुन्हा होते, कारण पिवळ्यातला रुग्ण लाल गटात जाऊ शकतो.

मोठ्याने ओरडणाऱ्याचा निदान श्वास तरी चालू असतो. कोपऱ्यात गप्प पडलेला जास्त धोक्यात असू शकतो. म्हणून आपल्या माणसाला थांबायला सांगितले, तर ते दुर्लक्ष समजू नये. त्याची प्रकृती बिघडली, तर मात्र लगेच सांगावे.