पुण्यश्लोक अहिल्याबाईंचे दोन खजिने

भगिनींनो, अहिल्याबाई होळकरांनी देवळे आणि घाट बांधले हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पण तो पैसा कोणता, आणि तो खर्च करताना त्यांनी कोणती मर्यादा पाळली, हे क्वचितच सांगितले जाते. मला त्यांच्या चरित्रातील हाच भाग फार मोलाचा वाटतो, म्हणून त्याविषयी चार शब्द लिहिते.

त्यांचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी येथे, माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी झाला. हे गाव हल्लीच्या अहिल्यानगर जिल्ह्यात येते. लहान वयातच त्या मल्हारराव होळकरांच्या सूनबाई झाल्या. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव पडले. त्या सती जाण्यास निघाल्या होत्या. सासऱ्यांनी विनवून परत फिरविले व पुढे दौलतीचा कारभार शिकविला. १७६६ मध्ये मल्हारराव गेले आणि वर्ष पुरे होण्याआधीच पुत्र मालेरावही गेला. बाईमाणसाच्या हाती दौलत नको म्हणून कारभारी गंगाधर यशवंतांनी राघोबादादांना चिथावले. बाईंनी लढाईची तयारी ठेवली, माधवराव पेशव्यांनी त्यांची बाजू उचलून धरली आणि ते संकट टळले. फौजेचे काम तुकोजीरावांकडे देऊन बाईंनी नर्मदाकाठच्या महेश्वरातून १७९५ पर्यंत राज्य चालविले.

होळकरांचे खजिने दोन होते. एक दौलतीचा, म्हणजे रयतेने भरलेल्या साऱ्याचा. दुसरा खासगीचा, ती जहागीर सासूबाई गौतमाबाईंकडून त्यांच्याकडे आली होती. सोमनाथ, काशी, गया येथील दानधर्म त्यांनी या खासगीतून केला. १७८० च्या सुमारास काशीविश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले, १७८७ मध्ये गयेचे विष्णुपद मंदिर पुरे झाले. दौलतीचा पैसा दौलतीच्या कामी, आणि पुण्य जोडावयाचे ते स्वतःच्या पदरच्या पैशाने. केवढी ही नीती! दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे सोपे असते.

त्या काळी धनवान माणूस निपुत्रिक वारला की त्याच्या मालमत्तेत सरकार हात घालीत असे. इंदूरच्या एका सावकाराच्या संपत्तीवर तुकोजीरावांनी असाच हक्क सांगितला. त्याची विधवा महेश्वरास दाद मागावयास आली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन तिची मालमत्ता तिच्याकडेच राखली आणि आपल्या सेनापतीस इंदूर सोडून जाण्यास फर्माविले. माळव्यातील वृद्ध माणसांच्या तोंडून ऐकलेली ही हकीकत सर जॉन माल्कम यांनी लिहून ठेवली आहे. स्वतः वैधव्य भोगलेल्या बाईने दुसरीचे दुःख जाणले, आणि हाती सत्ता होती म्हणून तिला न्यायही देता आला.

माल्कम साहेबांनी आणखीही लिहिले आहे. बाई पहाटे उठत. पूजा आणि दानधर्म आटोपून दुपारी उघड्या दरबारात बसत व कोणाचीही फिर्याद स्वतः ऐकत. उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणी, थंडीत गरिबांना कपडे. नांगराच्या तहानलेल्या बैलांनाही पाणी पाजविण्याची व्यवस्था होती. पाखरांनी निवांत दाणे टिपावेत म्हणून त्यांनी उभी शेते विकत घेतली होती. महेश्वरात विणकर वसविले. आजही तेथे माग चालतात आणि महेश्वरी साडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे.

घरचे दुःख मात्र संपले नाही. नातू गेला, जावई गेले आणि १७९१ साली कन्या मुक्ताबाई आईने परोपरीने विनवूनही सती गेली. तरी दरबार बंद पडला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी देह ठेवला.

भगिनींनो, आपल्यापाशी जहागीर नाही. पण कोणाच्या हाती घरखर्च असतो, कोणाच्या हाती मंडळाची वर्गणी. चौघींचे पैसे चौघींच्या कामी लागावेत, आणि दान करावयाचे ते आपल्या डब्यातून काढावे, एवढे तरी आपल्याला अहिल्याबाईंकडून नक्कीच घेता येईल.