डार्विन आणि बुडणारी बेटे

चार्ल्स डार्विन हे नाव निघाले की बहुतेकांना माकड आणि माणूस एवढेच आठवते. पण उत्क्रांतीवरचा त्याचा ग्रंथ १८५९ सालचा. त्याच्या सतरा वर्षे आधी, १८४२ मध्ये, त्याने एक पुस्तक प्रसिद्ध केले होते आणि ते होते प्रवाळांवर. आजीच्या अंगठीतले लाल पोवळे ते हे नव्हे. ते खोल पाण्यातल्या वेगळ्या जातीचे असते. डार्विनचे प्रवाळ म्हणजे उथळ, उबदार समुद्रात एकमेकांवर चुन्याची घरे बांधत जाणारे इवलेसे जीव.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इंग्लंडमधील श्रूजबरी येथे झाला. वडील नामांकित डॉक्टर. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्याला एडिंबरोला धाडले, पण भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया पाहून त्याने तिथून काढता पाय घेतला. मग धर्मोपदेशक होण्यासाठी केंब्रिजला पाठवले, तर तिथे तो भुंगेरे गोळा करीत हिंडला. वडील हताश झाले असतील तर नवल नाही! अखेर २७ डिसेंबर १८३१ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो ‘बीगल’ जहाजातून जगप्रवासाला निघाला. प्रवास पाच वर्षांचा आणि त्याला बोट लागायची ती शेवटपर्यंत.

त्या काळी खलाशांना आणि शास्त्रज्ञांना कंकणद्वीपांचे मोठे कोडे होते. भर महासागरात बांगडीसारखी गोल प्रवाळांची रांग, आत शांत निळे सरोवर, बाहेर अथांग पाणी. प्रवाळ तर उथळ पाण्यातच वाढतात, मग ते एवढ्या खोलीतून वर आले कसे? चार्ल्स लायेल या थोर भूगर्भशास्त्रज्ञाचे मत असे की, समुद्रात बुडालेल्या ज्वालामुखींच्या तोंडांवर ही कंकणे बसलेली असावीत. डार्विन लायेलला गुरुस्थानी मानी, पण हे त्याला पटेना. तीस मैल लांबीची ज्वालामुखीची तोंडे आणि तीही सगळी नेमकी पाण्याच्या पातळीजवळ येऊन थांबलेली, हे कसे शक्य आहे?

उत्तर सुचले ते दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर. तोवर त्याने खरी प्रवाळभित्ती पाहिलीही नव्हती! २० फेब्रुवारी १८३५ रोजी चिलीमध्ये मोठा भूकंप झाला आणि किनाऱ्याची जमीन काही फूट वर उचलली गेली. कालपर्यंत पाण्याखाली असलेले शिंपले उघड्या खडकावर मरून पडले होते. डार्विनने विचार केला, जमीन इथे वर येते तर दुसरीकडे ती खाली बसतही असेल. समजा एक ज्वालामुखी बेट हळूहळू बुडते आहे आणि त्याच्या काठाला प्रवाळ चिकटलेले आहेत. बेट जेवढे खाली जाईल तेवढे प्रवाळ उजेडासाठी वर वाढतील. आधी ते काठाला लागून असतील, मग बेट आणि प्रवाळ यांच्यामध्ये पाणी शिरेल आणि शेवटी डोंगराचे टोकही बुडाले की उरेल नुसते कंकण.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ताहितीच्या डोंगरावरून त्याला शेजारचे मूरिया बेट दिसले. मध्ये डोंगर, भोवती शांत पाणी आणि त्याभोवती फेसाळ लाटांचे कडे. त्याच्या कल्पनेतली मधली पायरी समोर उभी होती.

एप्रिल १८३६ मध्ये ‘बीगल’ हिंदी महासागरातील कीलिंग बेटांना पोहोचले. तिथे ओळंब्याच्या तळाला चरबी लावून तो पाण्यात सोडला जाई. दहा वावांपर्यंत चरबीवर जिवंत प्रवाळांचे ठसे उमटत आणि ती स्वच्छ वर येई, त्याखाली मात्र तिला वाळूच जास्त चिकटे. किनाऱ्यापासून जेमतेम सव्वा मैलावर कॅप्टन फिट्झरॉय यांनी ७,२०० फूट दोर सोडला, तरी तळ लागला नाही. डार्विनने प्रवाळ कुरतडणारे पोपटमासे चिरून पाहिले, त्यांच्या पोटात चुना भरलेला होता. बेटावरची पांढरी वाळू कुठून येते, याचे एक उत्तर त्या पोटात होते.

पुस्तकासाठी त्याला आपल्या मुंबईचीही मदत झाली, हे फारसे कुणाला माहीत नसते. मालदीव आणि चागोसचे नकाशे मुंबईत ठाणे असलेल्या इंडियन नेव्हीच्या कॅप्टन मोर्सबी यांनी केले होते आणि डार्विनने ते बारकाईने वापरले. याच आरमारातल्या लेफ्टनंट वेलस्टेड यांच्याकडून एक नोंद मिळाली. पर्शियन आखातात एका जहाजाच्या तांब्याच्या बुडावर वीस महिन्यांत दोन फूट जाडीचा प्रवाळ चढला होता. प्रवाळ भराभर वाढू शकतात, हे त्याला दाखवायचे होते, कारण सारा सिद्धांत त्या शर्यतीवरच उभा होता.

लायेलने आपले मत मोकळ्या मनाने सोडून दिले. पुढे इतर शास्त्रज्ञांनी मात्र डार्विनला विरोध केला. एखाद्या श्रीमंताने कंकणद्वीपावर पाच-सहाशे फूट खोल भोक पाडावे, अशी इच्छा त्याने १८८१ साली पत्रातून कळवली. १९ एप्रिल १८८२ रोजी तो वारला. १९५२ मध्ये अमेरिकनांनी पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे बाराशे मीटरहून अधिक खोल भोक पाडले. सगळा चुनखडकच लागत गेला आणि खाली ज्वालामुखीचा काळा खडक! त्याने मागितले होते त्याच्या कितीतरी पट खोल.

ही शर्यत आज वेगळ्या कारणाने चर्चेत आहे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातले बरेचसे प्रवाळाला देते. प्रवाळाचा रंगही त्याच्यामुळेच. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश जास्त काही आठवडे राहिले, तरी हे शैवाल निघून जाते, प्रवाळ पांढरा पडतो आणि उष्णता ओसरली नाही तर उपाशी मरतो. लक्षद्वीपमध्ये हे १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ साली घडले. आपण सहलीला जातो त्या मालवणच्या समुद्रातही पांढरे पडलेले प्रवाळ आढळले आहेत. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून चुन्याचे बांधकाम अवघड होते आहे, ते वेगळेच. बेटे बुडत ती लाखो वर्षांत. आता समुद्र दरवर्षी काही मिलिमीटर चढतो आहे. जिवंत, धडधाकट प्रवाळ तेवढा वेग गाठू शकतात, मेलेले नाही.

शर्यत हरलेल्या प्रवाळांची नोंद डार्विनच्या पुस्तकातच आहे. मोर्सबी यांच्या नकाशात चागोसजवळ एक प्रचंड कंकण होते. त्याचा बहुतेक काठ पाण्याखाली गेलेला, वर डोकावणारी बेटे मोजकीच आणि काठावरचे प्रवाळ बहुतांशी मेलेले. डार्विनने त्याची गणना मृत कंकणद्वीपांत केली.