डॉ. रखमाबाई

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहिण्याची सवय नाही. पण डॉ. रखमाबाईंचे चरित्र वाचल्यापासून ते आपल्या मंडळातील सर्वांना सांगावे असे वाटत होते, म्हणून हा प्रयत्न.

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईस झाला. त्यांच्या आई जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी रखमाबाई पदरात आल्या आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. पुढे जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या सुतार जातीत त्याला मोकळीक होती.

रखमाबाईंचेही लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले. त्या वयात आल्या तेव्हा रीतीप्रमाणे गर्भाधानाचा विधी व्हायचा. सावत्र वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी या गोष्टीस साफ नकार दिला आणि मुलीला घरीच ठेवले. रखमाबाई घरी पुस्तके आणून वाचीत राहिल्या. सावत्र बापाने एवढी काळजी वाहिली, याचे मला मोठे कौतुक वाटते.

१८८४ साली दादाजींनी बायको नांदायला यावी म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. दादाजींनी अपील केले आणि १८८७ च्या मार्चमध्ये कोर्टाने हुकूम दिला की, नांदायला जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात जावे. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. जाणत्या वयाची संमती नसताना झालेले लग्न त्यांना मान्य नव्हते. लोकमान्यांच्या केसरीनेही त्यांच्यावर टीका केली, पण त्या डगमगल्या नाहीत. अखेर १८८८ साली दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन समेट केला. या खटल्याने मुलींच्या वयाचा प्रश्न देशभर गाजला. १८९१ च्या कायद्याने संमतीवय दहावरून बारा झाले, त्यामागे हीही चर्चा होती.

पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉ. एडिथ पीची व इतर हितचिंतक यांच्या मदतीने रखमाबाई १८८९ साली विलायतेस गेल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरतेच्या बायकांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. त्या काळी पुरुष डॉक्टरापुढे बायका जात नसत. अडलेली बाळंतीण घरातच जीव सोडी. तेथे आणि नंतर राजकोटला त्यांनी तीसहून अधिक वर्षे बायकांची सेवा केली. ज्या कोवळ्या वयातल्या बाळंतपणातून त्या स्वतः वाचल्या, तेच भोग घेऊन आलेल्या किती मुली त्यांनी पाहिल्या असतील! २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईस, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. तिचे लग्न तेराव्या वर्षी झाले, पहिले मूल पंधराव्या वर्षी, आणि मग एकामागून एक सात. तिचे अंग बाहेर येत असे. तिने ते वीस वर्षे लपविले. जड हंडा उचलताना ओठ दाबून उभी राही, आम्हां नातींना वाटे कंबर दुखते. सून असो वा लेक, कोणापाशी बोलली नाही. शेवटी आजार फार वाढला तेव्हा माझ्या आईला कळले. त्यावर उपचार असतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

बाईची प्रकृती म्हणजे केवळ बाळंतपण नव्हे. मुलगी वयात येते तेव्हा तिच्या पोटात पुरेसे अन्न जाते का, अंगात रक्त आहे का, येथपासून ती सुरू होते. पाळी जाण्याच्या वेळचा त्रास, पुढे ठिसूळ होणारी हाडे, हेही तिच्यातच आले. मुलीच्या लग्नाचे वय १९७८ च्या कायद्याने अठरा केले, तरी मुलगी मोठी दिसू लागली की घाई करणारी घरे आपल्याही ओळखीत आहेत. तेथे आपण शेजारीपाजाऱ्यांनी बोलायला हवे.

म्हणून माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देऊच. त्या दिवशी एखाद्या डॉक्टरीणबाईंना बोलवावे आणि पुरुषमंडळी नसताना मोकळेपणी प्रश्न विचारावेत. आपापल्या सासूबाईंना, आईला, वयात आलेल्या लेकींना बरोबर आणावे. ज्यांना दुखते पण ज्या सांगत नाहीत, त्यांना तर हात धरून आणावे.