ब्रदर बेंतो दे गोइश : काफिल्याबरोबर चीनच्या वेशीपर्यंत

येशूसंघाच्या मिशनकार्याचा इतिहास वाचताना फादर मात्तेओ रिची, फादर रोबेर्तो दे नोबिली अशी नावे वारंवार समोर येतात. हे सर्व धर्मगुरू होते आणि विद्वान म्हणून मान्यता पावलेले होते. त्यांच्याच काळात, धर्मगुरुपद नम्रपणे नाकारणारे एक साधे ब्रदर लाहोरहून व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर निघाले आणि पामीरचे पठार व मध्य आशियातील वाळवंट ओलांडून चीनच्या वेशीपर्यंत पोहोचले. त्यांचे नाव बेंतो दे गोइश. भूगोलाच्या अभ्यासकांना ते उत्तम ठाऊक आहेत. आपल्याकडील भाविकांना त्यांची ओळख कमी आहे, म्हणून आम्ही त्यांचे चरित्र येथे थोडक्यात मांडत आहोत.

अटलांटिक महासागरातील अझोर्स बेटांपैकी साओ मिगेल या बेटावर, विला फ्रांका दो काम्पो या गावी १५६२ साली त्यांचा जन्म झाला. तरुणपणी ते पोर्तुगीज सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आले. त्या काळच्या शिपायाचे जीवन जसे असे तसेच त्यांचे होते, म्हणजे फारसे अनुकरणीय नव्हते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर कोळच्चेलजवळच्या एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या प्रतिमेपुढे त्यांना आपल्या गतायुष्याचा तीव्र पश्चात्ताप झाला. १५८४ साली त्यांनी गोव्यात येशूसंघात प्रवेश घेतला. मात्र लगेच सर्व सुरळीत झाले असे नव्हे. नवशिक्षण पूर्ण होण्याआधीच ते संघ सोडून ओर्मुझला निघून गेले आणि १५८८ साली परत येऊन त्यांनी पुन्हा दार ठोठावले. पुढे ज्या माणसाने पाच वर्षे एका वाटेवर टिकून दाखवले, तो एकदा अर्ध्या वाटेवरून परतला होता, ही गोष्ट चरित्रकार सहसा एका ओळीत उरकतात. आम्हाला ती महत्त्वाची वाटते.

१५९५ साली फादर जेरोम झेवियर यांच्याबरोबर ते लाहोरला अकबर बादशहाच्या दरबारी पोहोचले. फादर जेरोम हे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील. दरबारात राहून ब्रदर बेंतो फारसी भाषा शिकले. १५९७ साली बादशहाबरोबर ते काश्मीरला गेले, तेव्हा तेथे दुष्काळ पडला होता. अकबराच्या दक्षिणेच्या मोहिमेत ते बऱ्हाणपूरपर्यंत आले आणि १६०१ साली बादशहाच्या वकिलाबरोबर गोव्यास गेले. अकबराचा त्यांच्यावर लोभ होता.

याच सुमारास गोव्यातील वरिष्ठांपुढे एक विलक्षण प्रश्न उभा होता. मार्को पोलोने वर्णिलेला कॅथे हा देश कोठे आहे? लाहोरला आलेल्या एका मुसलमान व्यापाऱ्याने सांगितले होते की कॅथेमध्ये प्रार्थनामंदिरे, मूर्ती, धूप आणि झगे घातलेले धर्मसेवक आहेत. हे सारे बौद्ध मठांचे वर्णन असावे. परंतु ऐकणाऱ्यांना तेथे विस्मृतीत गेलेला ख्रिस्ती समाज दिसू लागला. इकडे १६०१ पासून पेकिंगमध्ये राहत असलेले फादर रिची पत्रांतून कळवीत होते की कॅथे म्हणजेच चीन आणि खानबालिक म्हणजेच पेकिंग. हिंदुस्थानातील वरिष्ठांना ते पटेना. नकाशावरच्या वादाचा निकाल लावायचा तर कोणीतरी जमिनीवरून चालत जाणे भाग होते. फादर निकोलाव पिमेंता यांनी ब्रदर बेंतो यांची निवड केली.

युरोपीय मिशनरी म्हणून त्या मार्गाने जाणे अशक्य होते. आर्मेनियन व्यापाऱ्यांना मात्र सर्वत्र मुभा असे. म्हणून त्यांनी दाढी व केस वाढवले, लांब अंगरखा घातला, कमरेला तलवार व पाठीला बाणांचा भाता लावला. नाव घेतले बंदा अब्दुल्ला, म्हणजे देवाचा दास. त्याला ईसवी, म्हणजे ख्रिस्ती, अशी जोडही त्यांनी दिली. वेष बदलला तरी धर्म लपवावयाचा नाही, हा त्यांचा निश्चय त्या एका शब्दात आहे आणि तोच पुढे वारंवार कसाला लागला.

१६०२ च्या ऑक्टोबरमध्ये ते आग्र्याहून निघाले. बादशहाने पैसे व शिफारसपत्रे दिली होती. १६०३ च्या उपवासकाळात लाहोरहून सुमारे पाचशे माणसांचा काफिला काबूलकडे निघाला, त्यात ते सामील झाले. बरोबर दोन ग्रीक सोबती होते. शिवाय इसहाक नावाचा आर्मेनियन होता. त्याची बायकामुले लाहोरला होती. काबूलपर्यंत जाता जाता एका ग्रीकाने हाय खाल्ली व तो परतला, दुसरा व्यापारासाठी मागे राहिला. इसहाक शेवटपर्यंत राहिला.

काफिल्याबरोबर जाणे म्हणजे सुरक्षित जाणे, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात माल जितका अधिक तितके लुटारू अधिक. काबूलच्या अलीकडील खिंडीत चारशे शिपायांचा पहारा घेऊनही डोंगरमाथ्यावरून लुटारूंनी दगड लोटले आणि अनेकजण जखमी झाले. काबूलच्या पुढे हिंदुकुश व नंतर पामीर. तेथे हवा इतकी विरळ की जनावरांना श्वास घेणे कठीण होई. व्यापारी स्वतः लसूण, कांदा व सुकवलेली जर्दाळू खात आणि घोड्यांच्या हिरड्यांना लसूण चोळीत. थंडीने ब्रदर बेंतो यांचे पाच घोडे मेले. पुढे एका ओढ्यात इसहाक घसरून पडला. त्याला बाहेर काढले तेव्हा तो मेल्यासारखाच होता. आठ तास ब्रदर बेंतो त्याच्याजवळ बसून त्याची शुश्रूषा करीत राहिले, तेव्हा कोठे तो शुद्धीवर आला. ज्या सेवकाला त्यांनी असे वाचवले, त्याच्यामुळेच आज हे चरित्र आपल्याला वाचायला मिळते आहे.

काबूलमध्ये एक प्रसंग घडला होता, तो येथे सांगितला पाहिजे. काशगर राज्याच्या सुलतानाची बहीण, म्हणजे खोतानच्या अधिपतीची आई, मक्केच्या यात्रेहून परतत असताना लुटली गेली होती. तिच्याजवळ वाटखर्चालाही पैसे उरले नव्हते. ब्रदर बेंतो यांनी आपला काही माल विकून तिला सहाशे सुवर्णनाणी कर्जाऊ दिली आणि व्याज घेण्यास नकार दिला. यार्कंदला पोहोचल्यावर ती फेड उत्तम जेडच्या रूपाने झाली. खोतानच्या नदीत सापडणारा हा मौल्यवान दगड चीनमध्ये सोन्यासारखा खपे. या मदतीमुळे सुलतानाच्या दरबारी त्यांना आश्रयही लाभला आणि त्याची त्यांना गरज पडणारच होती. त्या प्रदेशात हत्यारबंद माणसाने त्यांच्या छातीला तलवार लावून मुहंमदाचे नाव घेण्यास फर्मावल्याचाही प्रसंग आला. त्यांनी ते घेतले नाही. आसपासच्या लोकांनीच त्या माणसाला आवरले.

नोव्हेंबर १६०३ मध्ये ते यार्कंदला पोहोचले आणि तेथे त्यांना एक वर्ष थांबावे लागले. काबूलचा काफिला येथे संपत असे व चीनचा नवा काफिला येथून निघे. या काफिल्याची रचना मोठी मौजेची होती. चीनचा बादशहा परक्या व्यापाऱ्यांना देशात घेत नसे. खंडणी व नजराणे घेऊन येणाऱ्या वकिलांना मात्र तो घेई. ठरावीक वर्षांनी ७२ जणांना असा प्रवेश मिळे. तेव्हा व्यापारीच वकील बनत, राजेलोकांच्या नावे खोटी पत्रे तयार करीत आणि सरकारी खर्चाने पेकिंगला जात. चिनी अधिकाऱ्यांना हे ठाऊक होते. परंतु साऱ्या जगातून बादशहाला खंडणी येते हा देखावा त्यांनाही हवा होता. काफिल्याच्या प्रमुखाने आपले पद कस्तुरीच्या दोनशे पिशव्या देऊन सुलतानाकडून विकत घेतले होते आणि सोबतच्या जागा तो पुढे विकत होता. ब्रदर बेंतो यांनी अशीच एक जागा घेतली.

१६०४ च्या नोव्हेंबरमध्ये काफिला निघाला. अक्सू, कुचा करीत तो चालिस नावाच्या गावी आला. तेथे एका रात्री सुभेदाराकडून घोडा व बोलावणे आले. ईसवी म्हणवणाऱ्याला मध्यरात्री बोलावतात ते कशासाठी, हे सांगावे लागत नव्हते. इसहाक रडू लागला. ब्रदर बेंतो शांतपणे गेले. प्रत्यक्षात सुभेदाराला विद्वान मौलवींशी त्यांचा वाद ऐकायचा होता. वाद झाला, ब्रदरांनी उत्तरे दिली, सुभेदार प्रसन्न झाला व त्यांना रात्रभर ठेवून घेतले. सकाळी ते परतले तेव्हा इसहाकाने त्यांना मेलेलेच धरले होते.

याच चालिस गावी त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पेकिंगहून परतणारे काही मुसलमान व्यापारी तेथे भेटले. ते पेकिंगमधील परदेशीयांच्या सराईत येशूसंघीय धर्मगुरूंच्या सहवासात राहिले होते. पुरावा म्हणून त्यांनी कागदाचा एक कपटा दाखवला. धर्मगुरूंच्या खोलीतील केरातून त्यांनी तो उचलला होता, घरी जाऊन लोकांना नवलाचे अक्षर दाखवण्यासाठी. त्यावर पोर्तुगीज भाषेत लिहिलेले होते. ब्रदर बेंतो यांनी तो वाचला आणि दोन वर्षांहून अधिक काळ ज्यासाठी पायपीट केली ते कोडे सुटले. फादर रिची बरोबर होते. कॅथे नावाचा वेगळा देश नव्हता, विस्मृतीत गेलेला ख्रिस्ती समाजही नव्हता.

आमच्या मनात येते की येथून ते मागे फिरले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु आता पुढे आपल्याच संघाचे बंधू होते. काफिलाप्रमुख रेंगाळत होता, म्हणून त्यांनी काफिला सोडून थोड्या सोबत्यांसह पुढे जाण्याची परवानगी मिळवली. परवान्यावर धर्म काय लिहावा असे सुभेदाराने विचारले, तेव्हा त्यांनी ईसवी असे लिहिण्यास सांगितले. ते ऐकून तेथे बसलेल्या एका वृद्ध मौलवीने आपले पागोटे उतरवून त्यांचा सन्मान केला. आमचे लोक परमुलखात आपला धर्म झाकतात, हा झाकीत नाही, असा त्याचा आशय होता.

तुर्फान, मग हामी. १६०५ च्या ऑक्टोबरमध्ये ते हामीला होते. त्याच महिन्यात इकडे आग्र्याला अकबर बादशहाचा मृत्यू झाला. हामीच्या पुढे तातार टोळ्यांचे भय असल्याने रात्री, आवाज न करता प्रवास करावा लागे. वाटेत मारल्या गेलेल्या प्रवाशांची प्रेते पडलेली दिसत. एका रात्री ब्रदर बेंतो घोड्यावरून पडले आणि पुढे गेलेल्या सोबत्यांच्या ते लक्षातही आले नाही. मुक्कामावर गेल्यावर इसहाक मागे फिरला. अंधारात येशूचे नाव घेणारा क्षीण आवाज त्याला ऐकू आला, त्या दिशेने जाऊन त्याने त्यांना शोधले.

चीनच्या महाभिंतीच्या पश्चिम टोकाला जियायुग्वान येथे त्यांना आत घेण्यात आले आणि १६०५ च्या अखेरीस ते सूचौ या गावी पोहोचले. हे गाव आज ज्यूछ्वान म्हणून ओळखले जाते. पेकिंग आता केवळ काही महिन्यांच्या वाटेवर होते. पण पुढे जाण्याचा परवाना येईना. परक्या व्यापाऱ्यांची वस्ती वेगळ्या तटबंदीत होती आणि रात्री तिचे दरवाजे बंद होत. त्यांनी फादर रिचींना पत्र पाठवले. परंतु रिचींचे चिनी नाव त्यांना माहीत नव्हते, पत्ता चिनी लिपीत लिहिता येत नव्हता. ते पत्र हरवले. १६०६ च्या पास्काच्या सणाच्या सुमारास पाठवलेले दुसरे पत्र नोव्हेंबरमध्ये पेकिंगला पोहोचले. तोवर ब्रदर बेंतो यांची पुंजी आटत चालली होती आणि सहप्रवाशांकडून कर्जाऊ रकमा वसूल होत नव्हत्या.

या साऱ्या वर्षांत त्यांना मिस्सा मिळाली नव्हती, पापनिवेदन करता आले नव्हते, ख्रिस्तप्रसाद घेता आला नव्हता. ते धर्मगुरू नव्हते, त्यामुळे स्वतः मिस्सा अर्पण करणेही शक्य नव्हते. लुटारू आणि हिमवादळे यांपेक्षा हा वनवास त्यांना अधिक जड गेला असेल, असे आम्हाला वाटते.

फादर रिचींनी जुवांव फर्नांदिस या चिनी वंशाच्या उमेदवार ब्रदरांना डिसेंबर १६०६ मध्ये रवाना केले. कडाक्याच्या हिवाळ्यात, नोकराने पैसे चोरून पळ काढल्यावरही ते चालत राहिले आणि मार्च १६०७ च्या अखेरीस सूचौला पोहोचले. ब्रदर बेंतो महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. खोलीत शिरून फर्नांदिस यांनी पोर्तुगीज भाषेत त्यांना अभिवादन केले व पेकिंगची पत्रे हाती दिली. ती पत्रे उंचावून, डोळ्यांत अश्रू आणून ब्रदर बेंतो यांनी वृद्ध शिमोनाचे स्तोत्र म्हटले. अकरा दिवसांनी, ११ एप्रिल १६०७ रोजी, त्यांचे निधन झाले. धर्मगुरू नव्हते, प्रार्थनापुस्तक नव्हते. फर्नांदिस आणि इसहाक यांनी रोझरी म्हणून त्यांना मूठमाती दिली.

मृत्यूनंतर लगेच सहप्रवासी व्यापाऱ्यांनी त्यांचे सामान ताब्यात घेतले आणि त्यांची रोजनिशी फाडून टाकली. तिच्यात प्रवासाच्या नोंदींबरोबर कोणाकडे किती येणे आहे याचाही हिशेब होता. इसहाकाला बांधून ठेवण्यात आले. फर्नांदिस यांनी न्यायाधीशापुढे कित्येक महिने दावा चालवला. इसहाकाशी बोलता यावे म्हणून ते थोडी फारसीही शिकले. इसहाक हा आमच्यापैकीच आहे असा दावा मुसलमान व्यापाऱ्यांनी केला, तेव्हा फर्नांदिस यांनी अस्तनीतून डुकराचे मांस काढले आणि भर न्यायालयात दोघांनी ते खाल्ले. प्रेक्षकांत हशा पिकला व मुद्दा निकालात निघाला.

रोजनिशीचे उरलेले तुकडे घेऊन दोघे पेकिंगला गेले. ते तुकडे आणि इसहाकाच्या तोंडची हकिकत यांवरून फादर रिचींनी प्रवासाचा वृत्तांत लिहिला. तो त्यांच्या निधनानंतर १६१५ साली छापला गेला. त्यात इसहाकाचे पुढे काय झाले तेही दिले आहे. मकावहून हिंदुस्थानकडे येताना त्याचे जहाज डच लोकांनी पकडले. मलाक्काच्या पोर्तुगीजांनी त्याला सोडवले. हिंदुस्थानात आल्यावर आपली पत्नी वारल्याचे त्याला कळले. मग तो लाहोरला गेला नाही. वसईप्रमाणेच तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असलेल्या आपल्या कोकणातील चौलला त्याने घर केले आणि वृत्तांत छापला गेला तेव्हा तो तेथेच राहत असल्याचे नोंदलेले आहे.