सावित्रीबाई फुले : नगरला शिकलेली शिक्षिका

शिक्षक हा जन्मावा लागतो, घडवून घडत नाही, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्यांना आपण भारतातील आद्य शिक्षिका म्हणून वंदन करतो, त्या सावित्रीबाई फुले यांचे चरित्र याहून वेगळे सांगते. त्या आधी विद्यार्थिनी झाल्या, नंतर शिकविण्याची विद्या शिकल्या आणि मगच वर्गात उभ्या राहिल्या. ही विद्या शिकण्यासाठी त्या आपल्या नगरला आल्या होत्या, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील. १८४० साली जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला, तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि जोतीराव तेरा वर्षांचे. त्या काळी मुलीच्या हातात पुस्तक दिले तर घराण्यावर संकट येते, अशी समजूत होती. साहजिकच लग्नापर्यंत सावित्रीबाईंना अक्षरओळखही नव्हती. त्यांचे पहिले गुरू म्हणजे जोतीराव. त्यांच्यासमवेत सगुणाबाई क्षीरसागरही शिकल्या. या सगुणाबाईंनीच आई गेलेल्या जोतीरावांना लहानपणी सांभाळले होते. पुढील अभ्यास जोतीरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी करून घेतला.

स्वतः वाचता येणे निराळे आणि दुसऱ्याला वाचायला शिकविणे निराळे. त्या काळच्या पंतोजींच्या शाळांत हा भेद कोणी फारसा मानीत नसे. ज्याला चार अक्षरे आणि पाढे येत, त्याने छडी हाती घेऊन शाळा मांडावी, असा प्रघात होता. शिक्षक तयार करण्याचे थोडेफार प्रयत्न मुंबई इलाख्यात सुरू झाले होते खरे, पण ते पुरुषांपुरतेच. पुण्यात स्त्रियांसाठी सरकारी ट्रेनिंग कॉलेज निघाले ते १८७० साली! मग १८४० च्या दशकात एखाद्या विवाहितेने शिक्षिका व्हायचे ठरविले, तर तिने जावे कोठे?

याचे उत्तर त्या वेळी नगरमध्ये होते. अमेरिकन मिशनचे ठाणे येथे १८३१ पासून होते. मिस सिंथिया फॅरार ही अमेरिकेतील न्यू हॅम्पशायरची बाई १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरली आणि तेथे मुलींच्या शाळा चालवून १८३९ मध्ये नगरला आली. १८६२ साली तिने देह ठेवला, तोही नगरलाच. जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नगरला नोकरीस होते. त्यांच्याकडे आले असता जोतीरावांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तेथील पद्धतशीर काम पाहून ते प्रभावित झाले. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे शिक्षण घेतले ते फॅरारबाईंच्या याच संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. सासरची सून शिकण्यासाठी परगावी जाते आणि परधर्मीय परदेशी बाईच्या हाताखाली शिकते, ही गोष्ट त्या काळी किती धाडसाची होती याची कल्पना आज करणेही कठीण आहे.

या शिदोरीवर १८४८ साली पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सुरुवातीच्या मुली सहाच होत्या. पुढची कथा सर्वश्रुत आहे. रस्त्याने जाताना अंगावर शेणगोळे आणि दगड येत, म्हणून सावित्रीबाई जादा लुगडे बरोबर नेत, असे सांगतात. १८४९ मध्ये तर या दांपत्याला घरही सोडावे लागले. तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला. फातिमा शेख शाळेच्या कामात सहकारी झाल्या. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात त्यांचा आपुलकीचा उल्लेख आहे.

पण आपण शेणगोळे लक्षात ठेवतो आणि वर्गातले काम विसरतो! लोकांचा विरोध सोसून शाळा उघडी ठेवता येते, पण मुली तीत टिकतात त्या शिकविणाऱ्याच्या कौशल्यामुळे. ३ जुलै १८५१ रोजी चिपळूणकरांच्या वाड्यात सुरू झालेल्या शाळेत पहिल्या दिवशी आठ मुली होत्या. ही संख्या लवकरच अठ्ठेचाळीसवर गेली. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील चौदा वर्षांच्या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. हे पत्रही मूळचे नगरचेच. त्याचा जन्म येथे १८४२ साली झाला. विद्यार्थिनी स्वतः विचार करून लिहू लागली, याहून शिक्षिकेचे मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षक हा प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातला असावा आणि त्याला दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, अशी मागणी केली. घरातच एक शिकून तयार झालेली शिक्षिका असल्यामुळे प्रशिक्षणाचे मोल त्यांना पुस्तकातून समजावून घ्यावे लागले नव्हते.

शाळेबाहेरही सावित्रीबाईंचे कार्य थोर होते. १८५४ मध्ये त्यांचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह निघाले. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत याला त्यांनी दत्तक घेतले. १८९० साली जोतीराव निवर्तले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोहोचल्या आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

२०१४ पासून पुणे विद्यापीठास त्यांचे नाव मिळाले आहे. आपल्या पदवीपत्रावरही तेच नाव असते. आपल्यापैकी कितीतरी जण पदवीनंतर बी.एड. करतील आणि एखाद्या खेड्यातल्या शाळेत रुजू होतील. प्रशिक्षणाचे ते दिवस, ते पाठांचे टाचण, तो सरावपाठ पुष्कळांना केवळ नोकरीसाठी उरकायची बाब वाटते. त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की ज्या काळी मुलीने पाटीला हात लावणेही पाप होते, त्या काळी एक तरुणी शिकवायचे कसे हे शिकण्यासाठी याच गावात आली होती. तिला ना पदवीचा लाभ होता, ना पगाराची हमी. आपल्यापुढे बसणाऱ्या मुलींना नीट शिकविता यावे, एवढीच तिची इच्छा होती.