बिया भिजवणारा डार्विन

शेवटचं सेमिस्टर जवळ आलं की घरी एकच प्रश्न सुरू होतो, पुढे काय? तुमच्याकडेही तेच चालू असेल तर चार्ल्स डार्विनची गोष्ट वाचाच. उत्क्रांतीवाला डार्विन तुम्हाला दहावीच्या पुस्तकात भेटलाय. पण कलिंगड-खरबुजाचं बी पेरण्याआधी संजीवकाच्या पाण्यात भिजवतात, त्यामागच्या शोधाचं एक टोक त्याच्याच घरातल्या कुंडीपर्यंत जातं.

डार्विनचा जन्म १८०९चा, इंग्लंडमधल्या श्रूजबरीचा. वडील डॉक्टर, म्हणून यालाही एडिंबराला मेडिकलला घातलं. भूल न देता केलेल्या शस्त्रक्रिया बघून तो हादरला आणि शिक्षण सोडून घरी आला. मग पाद्री व्हायला केंब्रिजला गेला. तिथे काय केलं? किडे गोळा केले! बावीस वर्षांचा असताना ‘बीगल’ जहाजावर जायची संधी आली. वडिलांनी आधी नाही म्हटलं. शेवटी मामाने समजूत घातली आणि १८३१ मध्ये तो निघाला, तो थेट पाच वर्षांनी परतला.

अर्नाळ्याला किनाऱ्यावरून समोरचं बेट बघताना कधी विचार केलाय, बेटांवर पहिली झाडं आली कुठून? डार्विनला हाच प्रश्न पडला होता. १८५५ मध्ये त्याने केंटमधल्या आपल्या घरी बरण्यांमध्ये खारं पाणी भरून त्यात बिया भिजत घातल्या. पाण्याला घाण वास सुटायचा, पण घरातल्या मुलांना भारी मजा वाटायची. त्याने ८७ प्रकारच्या बियांवर प्रयोग केला. त्यातल्या ६४ प्रकारच्या बिया २८ दिवस भिजूनही उगवल्या. काही तर १३७ दिवसांनंतरही!

पुढे सत्तरी गाठलेला, कायम आजारी असणारा हा माणूस मुलगा फ्रान्सिसला घेऊन गवताच्या कोंबांमागे लागला. कोंब खिडकीकडे वाकतो, हे सगळ्यांनाच माहीत होतं. यांनी काही कोंबांच्या शेंड्यावर प्रकाश अडवणारी टोपी घातली. ते कोंब वाकलेच नाहीत. फक्त खालचा भाग झाकला, तर मात्र वाकले. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकतो खालचा भाग. शेंड्याकडून खाली काहीतरी जातंय, एवढंच त्यांनी १८८० मध्ये पुस्तकात मांडलं. ते ‘काहीतरी’ काय, हे त्यांना सांगता आलं नाही. युलियस झाक्स या बड्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांच्या घरगुती प्रयोगांना नावं ठेवली. दोन वर्षांनी, १९ एप्रिल १८८२ ला डार्विन गेला.

उत्तर यायला १९२६ पर्यंतची वर्षं लागली. हॉलंडमध्ये फ्रिट्स वेंट या तरुणाने कापलेले शेंडे अगारवर, म्हणजे आपल्या चायनाग्रासवर ठेवले. शेंड्यातलं द्रव्य त्यात उतरलं आणि त्या अगारच्या तुकड्याने कोंब वाकवून दाखवला. या द्रव्याला पुढे ऑक्सिन नाव मिळालं. त्याच वर्षी एइची कुरोसावा हा जपानी शास्त्रज्ञ भाताच्या एका रोगावर काम करत होता. या रोगात रोपं उंच आणि किडकिडीत होतात. हे एका बुरशीच्या स्रावामुळे होतं, हे त्याने दाखवलं. त्यातूनच जिबरेलिन सापडलं.

आज नाशिकच्या द्राक्षाचे मणी फुगवायला जिबरेलिन वापरतात. कोकणात भात निघाल्यावर थंडीत कलिंगड लावतात, तेव्हा गारठ्यामुळे जाड सालीचं बी उगवायला वेळ घेतं. अशा वेळी जिबरेलिनच्या अगदी सौम्य द्रावणात बी काही तास भिजवलं, तर उगवण लवकर व्हायला आणि रोपं जोमाने वाढायला मदत होते. प्रमाण मात्र लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजायचं. जास्त झालं तर कुरोसावाच्या भातासारखी लांबुडकी, लेचीपेची रोपं हातात येतात. त्यामुळे कृषी विद्यापीठाची शिफारस बघितल्याशिवाय प्रयोग नको.

मेडिकल अर्धवट सोडलेल्या, पाद्रीही न झालेल्या माणसाची ही गोष्ट. आपल्या प्रश्नाचं उत्तर त्याला कधीच कळलं नाही, तरी जेवढं दिसलं तेवढं त्याने नीट लिहून ठेवलं आणि पुढच्यांना तिथून सुरुवात करता आली. त्याच्यासारखी मोठी लॅब आपल्याकडे नाही, असं म्हणायची सोयच नाही, कारण त्याच्याकडेही ती नव्हती. या रविवारी गॅलरीतल्या कुंडीत थोडे गहू पेरा. कोंब वर आले की दोन-तीन शेंड्यांवर चॉकलेटच्या चांदीची टोपी घाला आणि बघा, कोण वाकतंय आणि कोण नाही.